वर्ण्य विषय

गेल्या जूनपासून नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे विद्यापीठीय हिशेबाने एक पूर्ण सत्र, आम्ही दोघींनी चेहरा उजळवणारी प्रसाधने नियमाने वापरून पाहिली. हे वाक्य लिहिताना संकोच वाटतो आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. आम्ही मराठी विभागात शिकवतो. दोघीही चाळिशी ओलांडलेल्या. स्त्रीवादी समीक्षेच्या तासाला सौंदर्याच्या बाजारपेठेवर आम्ही न थांबता चाळीस मिनिटे बोलू शकतो, नव्हे, गेली कित्येक वर्षे बोलत आलो आहोत. अशा आम्ही रात्री उत्तरपत्रिका बाजूला सारून गालावर दहा टक्के नायसिनामाइडचे थेंब टिपत होतो. विद्यार्थ्यांना हे कळले असते तर त्यांनी ‘विरोधाभास’ अलंकाराचे उदाहरण म्हणून आम्हांलाच लिहिले असते.

निमित्त तसे क्षुल्लक नव्हते. आमच्यापैकी एकीच्या दोन्ही गालांवर चाळिशीनंतर वांग आले. ‘वांग’ हा मराठीतला जुना, नेमका शब्द आहे. त्याच्यात दोष देणे नाही आणि दिलासाही नाही, फक्त निदान आहे. दुसरीच्या चेहऱ्यावर काहीही नव्हते. तिला सोबत करायची होती असे तिने सांगितले. पुढे सहा आठवड्यांनी चहा पिताना तिने कबूल केले की आपला रंग थोडा निवळला तर बरे, असे तिला इयत्ता सातवीपासून वाटत आले आहे. एकीला डाग घालवायचा होता आणि दुसरीला रंग. दोघींच्या हातांत मात्र बाटली एकच होती. बाटलीवर एकच शब्द होता. या लेखातले सारे म्हणणे त्या शब्दापाशी येऊन थांबते, तेव्हा आधी बाटलीविषयी सांगू.

बाटल्या वस्तुतः चार होत्या. नायसिनामाइड हे ब जीवनसत्त्वाच्या कुळातले. त्वचेचा रंग ज्या मेलॅनिनमुळे येतो ते मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशी काळ्या माणसात अधिक आणि गोऱ्या माणसात कमी असतात असा आपला समज असतो. तसे नाही. त्या पेशींची संख्या साधारण सारखीच असते. फरक असतो तो त्या किती रंगद्रव्य तयार करतात, त्याचे कण केवढे असतात आणि ते शेजारच्या पेशींत कसे पसरतात यात. नायसिनामाइड या वाटपाच्या कामात थोडा अडथळा आणते. दुसरी बाटली क जीवनसत्त्वाची. ती हवेच्या आणि उजेडाच्या संपर्काने खराब होते. आमची बाटली दिवाळीपर्यंत पातळ चहाच्या रंगाची झाली होती. चेहरा उजळवण्याचे वचन देणारे द्रव्य स्वतःच काळवंडलेले पाहून आम्ही पोट धरून हसलो आणि सहाशे रुपये गेले म्हणून हळहळलो. तिसरी वस्तू कोजिक आम्लाचा साबण. जपानी लोक भात आंबवायला जी कोजी नावाची बुरशी वापरतात तिच्यावरून हे नाव पडले. मेलॅनिन बनवणाऱ्या विकराला तांबे लागते, ते तांबे हे आम्ल धरून ठेवते. चौथी वस्तू म्हणजे सनस्क्रीन. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी सांगितले होते की बाकीच्या तिन्ही नाही वापरल्या तरी चालेल, पण ही चुकवायची नाही, कारण वांग उन्हाने वाढते, आणि केवळ अतिनील किरणांनी नव्हे तर डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही.

सनस्क्रीनने आमची फजिती केली. पहिल्याच दिवशी प्रथम वर्षाच्या वर्गात मागच्या बाकावरून आवाज आला, ‘मॅडम, गालाला पीठ लागलंय.’ झिंकयुक्त मलमाचा पांढरा थर सावळ्या त्वचेवर पिठासारखाच दिसतो. मग लोहाच्या ऑक्साइडची छटा घातलेले सनस्क्रीन आणले, ते दृश्य प्रकाशालाही अडवते म्हणून. त्याच्या दुकानात तीन छटा होत्या आणि तिन्ही आमच्याहून गोऱ्या होत्या. गडद छटा मागवावी लागेल असे दुकानदार म्हणाला. ज्या देशातली बहुसंख्य माणसे सावळी आहेत तिथे सावळी छटा ‘मागवावी’ लागते.

सत्र संपताना जे दिसले ते असे. वांग पुष्कळ फिकट झाले, गेले मात्र नाही. ते पूर्णतः जाईल असे डॉक्टरांनी म्हटलेच नव्हते. दुसरीची त्वचा मऊ झाली, नाकाशेजारचा तेलकटपणा कमी झाला, आणि रंग जिथे होता तिथेच राहिला. तो तसाच राहणार होता. त्वचेचा वरचा थर नवा व्हायला सुमारे महिना लागतो, वयाबरोबर अधिक. हे एकदा समजले की सात दिवसांची वचने आपोआप गळून पडतात. असो. प्रसाधनांची समीक्षा इतकीच. ती फार वाईट नाहीत, फार थोर नाहीत, आणि त्यांतली सर्वांत उपयोगी वस्तू रंग बदलत नाही, उन्हापासून वाचवते.

आता शब्दाकडे वळू. बाटल्यांवर इंग्रजीत ‘ब्राइटनिंग’ आणि ‘ग्लो’ असे लिहिलेले असते. मराठी जाहिरातीत त्याचे ‘उजळ’, ‘उजळपणा’, ‘तेजस्वी त्वचा’ असे होते. ‘गोरा’ कुठेही नसतो. तो गेला कुठे? १९७५ साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने पंचेचाळीस वर्षे ‘फेअर’ हा शब्द उघडपणे मिरवला. २००५ मध्ये दुसऱ्या एका कंपनीने ‘फेअर अँड हँडसम’ काढून पुरुषांनाही त्या रांगेत उभे केले. २०१४ मध्ये अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने नियम केले, की सावळी व्यक्ती दुःखी, अनाकर्षक, नोकरीत किंवा लग्नात मागे पडलेली अशी जाहिरातीत दाखवू नये. २०२० च्या मे महिन्यात अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडची हत्या झाली. त्यानंतर जगभर उठलेल्या वादळात हिंदुस्तान युनिलिव्हरने ‘फेअर’ हा शब्द वगळण्याचे जाहीर केले आणि क्रीम ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. त्याच सुमारास शादी डॉट कॉमने त्वचेच्या रंगावरून स्थळे चाळण्याची सोय काढून टाकली. तेव्हा आमच्या विभागातही समाधान व्यक्त झाले. आम्हीही त्यात होतो. आज आम्हांला ते समाधान उतावीळ वाटते.

कारण असे. आम्ही एम.ए.च्या वर्गाला भारतीय काव्यशास्त्र शिकवतो. शब्दशक्तींचा पाठ शिकवताना अभिधा, लक्षणा, व्यंजना ही उतरंड फळ्यावर काढावी लागते. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त प्रतीयमान अर्थाला उपमा दिली आहे ती स्त्रीच्या लावण्याची. अवयव वेगळे दाखवता येतात, लावण्य त्यांच्याहून निराळे असूनही दिसते. वर्षानुवर्षे हे शिकवताना आमच्या ध्यानात आले नव्हते ते या सहा महिन्यांत आले. २०२० साली गोरेपणा नष्ट झाला नाही, तो अभिधेतून व्यंजनेत गेला. पूर्वी डबीवर तो वाच्यार्थाने लिहिलेला होता. आता वाच्यार्थ आहे तजेला, निरोगीपणा, काळजी. गोरेपणा आहे प्रतीयमान. आणि व्यंजनेची गंमत अशी की अर्थ पुरा करण्याचे काम सहृदयावर असते. जाहिरातदार म्हणू शकतो, आम्ही तर ‘उजळ’ म्हणालो, गोरे तुम्ही ऐकले. दोष ऐकणाऱ्याच्या पदरात. ‘गोरी हो’ म्हणणाऱ्याशी भांडता येत होते. त्याच्यावर लेख लिहिता येत होता, त्याच्या विरोधात मोर्चा काढता येत होता, निदान रडता तरी येत होते. ‘उजळ हो’ म्हणणाऱ्याशी कोणत्या तोंडाने भांडायचे? उजळ होऊ नये असे कोण म्हणेल?

शब्द बिचारा निर्दोष आहे. संस्कृत ‘उज्ज्वल’पासून आलेला, घराघरांत नांदलेला. कल्हईने भांडी उजळत, पहाटे दिशा उजळत. मुले पाढ्यांची उजळणी करीत, त्यात पाढे गोरे होत नसत, लख्ख होत. उजळ माथ्याने वावरणाऱ्या माणसाचा माथा कोणत्या रंगाचा आहे हे कोणी विचारत नसे. वामनाने ‘काव्यालंकारसूत्रा’त कांती हा शब्दगुण सांगताना औज्ज्वल्य हाच निकष दिला. ते नसेल तर रचना जुनाट, निस्तेज वाटते असा त्याचा आशय आहे. दंडीचे मत याहून वेगळे आणि आमच्या विषयाला अधिक झोंबणारे आहे. त्याच्या लेखी कांती म्हणजे लौकिक अर्थाची मर्यादा न ओलांडणारे कथन, आणि तिचा विपर्यय म्हणजे अत्युक्ती. चेहऱ्याच्या क्रीमची वेष्टने दंडीला तपासायला दिली असती तर एकाही डबीला कांती आहे असे त्याने म्हटले नसते.

पण भाषेच्या शिक्षकांनी सगळा दोष बाजारावर ढकलावा हेही प्रामाणिकपणाचे नाही. ‘उजळ’मध्ये ‘गोरा’ मिसळण्याचे काम आपल्या घरांनी फार आधी केले आहे. ‘मुलगी रंगाने उजळ आहे’ हे वाक्य कोणत्याही जाहिरात संस्थेने शिकवलेले नाही. गरोदरपणी केशर घातलेले दूध, न्हाणाऱ्या बाळाला साय आणि डाळीचे पीठ, नरकचतुर्दशीचे उटणे, हळदीचा तो पिवळा गजर, या सगळ्यांत मायेचा भाग मोठा आहे, आणि त्या मायेत रंगाची काळजीही कालवलेली आहे. मराठीत मुलीला उजळणे आणि उजवणे यांत एकाच अक्षराचे अंतर आहे. लग्नाच्या माहितीपत्रकात ‘वर्ण’ असा रकाना असतो आणि त्यात निमगोरा, गव्हाळ, सावळा अशी प्रतवारी असते. पत्रिका जुळवताना छत्तीस गुणांत पुन्हा ‘वर्ण’ येतो. तिथे त्याचा अर्थ राशीचा वर्ण, ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य, शूद्र असा, आणि त्याला एकच गुण. एकाच कागदाच्या दोन पानांवर एकच शब्द दोन अर्थांनी येतो आणि दोन्ही ठिकाणी तो उतरंडच सांगतो, याचे नवल वाटणे आपण केव्हाच सोडून दिले आहे.

आणि पंडितांनी तरी काय केले? ‘मेघदूता’तल्या यक्षाने आपल्या पत्नीचे वर्णन करताना ‘श्यामा’ हे विशेषण वापरले. मल्लिनाथाने त्याचा अर्थ ‘युवती’ असा दिला. संस्कृत टीकापरंपरेत ‘श्यामा’ म्हणजे तापलेल्या सोन्याच्या कांतीची स्त्री असेही लक्षण सांगितलेले आढळते. कोशांच्या आधारे हे अर्थ समर्थनीय असतील, त्याविषयी आमचा वाद नाही. परंतु सावळी या साध्या अर्थापाशी थांबायला टीकाकार इतके का कचरतात, हा प्रश्न आता मनातून जात नाही. कालिदासाच्या नायिकेलाही कोणीतरी रात्री झोपण्यापूर्वी काही लावून ठेवले आहे असे वाटते. एकीकडे द्रौपदीचे नावच कृष्णा, पंढरपूरच्या विटेवरचा सावळा, त्या सावळेपणाचे लाड करताना आपल्या संतांची वाणी थकत नाही. आणि तोच रंग घरातल्या मुलीच्या चेहऱ्यावर आला की पीठ-साय. देवाच्या रंगाचा आदर माणसाकडे न पोहोचण्याची ही आपली जुनी सोय आहे.

आयुर्वेदातला एक शब्द मात्र आम्हांला इथे मदतीला यावासा वाटतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दहा-दहा द्रव्यांचे पन्नास गण सांगितले आहेत. त्यांतल्या एका गणाचे नाव ‘वर्ण्य’. त्यात चंदन, वाळा, ज्येष्ठमध, मंजिष्ठा, सारिवा आहेत. वर्ण्य म्हणजे वर्णाला हितकर. वर्णाला हितकर म्हणजे, आमच्या समजुतीप्रमाणे, ज्याचा जो वर्ण आहे तो निरोगी राखणारे. साहित्याच्या विद्यार्थ्याला ‘वर्ण्य’ म्हटले की ‘वर्ण्य विषय’ आठवतो, ज्याचे वर्णन करायचे तो. उपमेत चंद्र कितीही सुंदर असो, वर्ण्य असते ते मुख. उपमानाने उपमेयाला गिळायचे नसते. अतिशयोक्तीत ते गिळते, पण तिथे कवीने तसे सांगून केलेले असते.

आता जे सांगायचे आहे ते अवघड आहे. वांग आलेल्या आमच्यापैकी एकीने या प्रयोगाच्या चार वर्षे आधी आणखी एक प्रयोग केला होता. गावातल्या ब्यूटी पार्लरमधल्या बाईंनी एक नळी दिली. ‘उजळवते,’ एवढेच सांगितले. पंधरा दिवसांत चेहरा खरोखरच लखलखला. स्टाफरूममध्ये कौतुक झाले, त्यात दुसरी सर्वांत पुढे होती. नळी संपली की औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय दुसरी मिळत असे. असे दीड वर्ष चालले. मग कातडी पातळ झाली, गालांवर तांबड्या रेषा उमटल्या, कधी नव्हते ते पुरळ आणि लव आली, आणि नळी दोन दिवस थांबवली की चेहरा भाजल्यासारखा पेटू लागला. नळीत हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड हे तिन्ही होते. क्लिगमन आणि विलिस या त्वचारोगतज्ज्ञांनी १९७५ मध्ये वांगासाठी मांडलेल्या त्रिकुटाची ही पुढची आवृत्ती. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे वापरायचे हे औषध आहे. स्टिरॉइडने बिघडलेल्या चेहऱ्याला भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी स्वतंत्र नाव द्यावे इतके रुग्ण त्यांच्याकडे आले. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी स्टिरॉइडयुक्त मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा बदल नियमांत केला. नियम झाला, पण आमच्या मैत्रिणीला नळी मिळाली ती त्यानंतर. हायड्रोक्विनोन बेसुमार लावले तर कातडीवर निळसर काळे डाग पडतात आणि ते जाता जात नाहीत, हेही तेव्हाच समजले. तिला डॉक्टर बाई म्हणाल्या, ‘मॅडम, डाग वेगळा आणि रंग वेगळा. डागावर औषध असतं. रंग हा आजार नाही, त्याला औषध कुठून असणार?’

काही डब्यांत तर याहून वाईट असते. २०२१ ते २०२३ या काळात केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे बावीस रुग्ण डॉक्टरांनी अभ्यासले. त्यांतील पंधरा जणांत जो विरळा प्रकार आढळला, त्या पंधरांपैकी तेरा जण चेहरा गोरा करणारी क्रीम लावत होते. या विकाराचा धागा क्रीममधल्या पाऱ्यापर्यंत जातो. अकोल्यातील एका घरातल्या मायलेकींची अशीच हकीकत २०२३ मध्ये वर्तमानपत्रांत आली होती. पारा घातलेल्या प्रसाधनांवर जागतिक करारानेही बंदी आणली आहे, परंतु ज्या डबीवर काही लिहिलेलेच नाही तिला करार कसा लागू करणार?

तशी एक डबी आमच्या स्टाफरूमच्या कपाटात आहे. एम.ए. भाग दोनच्या एका विद्यार्थिनीने ती ऑक्टोबरमध्ये आमच्यापुढे ठेवली. पांढरी, झाकणाला सोनेरी पट्टी, नावगाव नाही. ‘मॅडम, तुम्हीपण लावता ना काहीतरी? सगळ्यांना माहीत आहे. मग सांगा, हे चांगलं आहे का?’ आम्ही तिला पाऱ्याविषयी सांगितले, नळीची गोष्टही सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतले. तिच्या बहिणीचे लग्न ठरताना पाहुण्यांनी दोघी बहिणींची तुलना केली होती, हे आम्हांला ठाऊक होते. म्हणून विचारले, घरचे रंगावरून बोलतात का? ती म्हणाली, ‘नाही मॅडम. आता काळी कोणीच म्हणत नाही. आई म्हणते, जरा स्किनची काळजी घे. आत्या म्हणते, फ्रेश दिसत नाहीस. पूर्वी काळी म्हणायचे तेव्हा मी उलट बोलायचे. आता कशाला बोलू?’

व्यंजनेचा जो मुद्दा आम्ही वर मांडला आहे तो खरे तर तिचा आहे. आम्ही त्याला फक्त परिभाषा पुरवली. त्या वेळी तिला आम्ही काही उत्तर दिले नाही, कारण आमच्यापैकी एकीच्या पर्समध्ये तेव्हा ‘ब्राइटनिंग’ लिहिलेली बाटली होती आणि तिच्या गालावर वांग नव्हते. डॉक्टरांचा पत्ता दिला, सनस्क्रीनची गडद छटा कुठे मागवता येते ते सांगितले आणि डबी आमच्याकडे ठेवून घेतली.

चार दिवसांनी ती ती परत मागायला आली. आम्ही देत नाही म्हटल्यावर म्हणाली, ‘मॅडम, सातशे रुपयांची आहे.’ आम्ही दोघींनी मिळून सातशे रुपये काढून तिच्या हातावर ठेवले. त्यांचे तिने पुढे काय घेतले, हे अजून विचारलेले नाही.